वन्संची जीभ

वन्संना नावानं हाक मारणारं माणूस आता कुणी उरलेलं नाही. आईवडील गेले, नवरा गेला, बिस्किटांच्या कारखान्यातल्या बरोबरीच्या बायका वाऱ्यावरच्या भुशासारख्या पांगल्या. राहिला एक भाऊ, तो नुसतं "अगं" म्हणतो. भावाची बायको "वन्सं" म्हणते. तिचं ऐकून दूधवाला वन्सं म्हणू लागला, मग इस्त्रीवाला, मग टीव्हीची माणसं. नणंदेला म्हणायचा शब्द साऱ्या वस्तीनं उचलला आणि तेच बाईचं नाव झालं.

भावाची बायको म्हणजे टीव्हीवरच्या काकू. त्यांना ओळखत नाही असं घर सापडायचं नाही. मुलगी परगावी नोकरीला निघाली की आई तिच्या पिशवीत काकूंचं पुस्तक घालते. त्या पुस्तकांची पानं तेलानं पारदर्शक झालेली असतात, पण ती फेकायचं कुणाच्या मनात येत नाही. जगाच्या काकू घरात मात्र वहिनी. आपणही त्यांना वहिनीच म्हणू, कारण ही गोष्ट घरातली आहे.

कारखाना बंद पडला आणि पाठोपाठ नवरा गेला, तेव्हा वन्सं भावाकडे आल्या. कारखान्यात त्यांचं काम सरकत्या पट्ट्यापाशी बसून मोडकी, करपलेली बिस्किटं वेचून बाजूला टाकायचं. हात इतके सवयीचे, की भावाच्या घरी मटार सोलतानाही किडका दाणा आपोआप बोटांतून बाहेर पडायचा. त्या भाज्या निवडत, दाराची घंटा वाजली की उठत, फोन घेत. "काकू आंघोळीला गेल्यात," असं दिवसातून कितीदा तरी सांगत. त्यांना कुणी कधी टाकून बोललं नाही. तरी वन्संना वाटायचं, आपण फळीवरच्या जास्तीच्या ताटासारख्या आहोत. पाहुणे आले तर लागतं, नाहीतर धूळ पुसून परत जागेवर.

मग एका थंडीत वहिनींना ताप आला. ताप उतरला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. आधी वास गेला. कांदा तळला तरी घर कोरडं. मग गोड गेलं, आंबट गेलं, आणि शेवटी मीठही कळेना. डॉक्टर म्हणाले, येईल परत. वहिनींनी वाट बघितली. रोज सकाळी जिभेवर साखरेचा दाणा ठेवायच्या आणि डोळे मिटून उभ्या राहायच्या, विहिरीत खडा टाकून पाण्याचा आवाज ऐकायला थांबावं तशा. आवाज आला नाही.

एका दुपारी त्यांनी स्वयंपाकघराचं दार आतून लावलं आणि वन्संच्या मांडीवर डोकं ठेवून रडल्या. "वन्सं, सगळं कागदासारखं लागतं हो. मी आता काय करू?"

वन्संनी त्यांच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाल्या, "माझी जीभ आहे की. ती रिकामीच असते."

तेव्हापासून ते सुरू झालं. चूल वहिनींची, डोकं वहिनींचं, हात वहिनींचे, चव वन्संची. वहिनी चमचा पुढे करायच्या, वन्सं फुंकर मारून तोंडात घ्यायच्या, छताकडे बघायच्या आणि सांगायच्या, "आंबट पुढं आलंय," नाहीतर, "अजून जरा धीर द्या त्याला." चॅनेलच्या स्टुडिओत त्यांची खुर्ची कॅमेऱ्याच्या मागं ठेवलेली असायची. काकूंना घरचं माणूस जवळ लागतं, असं तिथले लोक समजत. पडद्यावर काकू चमचा ओठांना लावून "अहाहा!" म्हणायच्या, तो अहाहा वन्संनी आधीच पास केलेला असायचा. वन्संच्या चालण्यात फरक पडला. त्या भाजीवाल्याशी मोठ्यानं घासाघीस करू लागल्या. फळीवरचं ताट रोजच्या वापरात आलं होतं.

अशी बरीच वर्षं गेली. नवी पुस्तकं निघाली. वन्संना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, मग त्या बदलल्या, मग वाढल्या.

एका सकाळी तिघं वन्संनी केलेला चहा घेत होते. भाऊ कप खाली ठेवत म्हणाला, "साखर महाग झाली का गं?"

"का?"

"चहात नाहीये."

वन्संचा कप अर्धा संपला होता. त्यांनी उरलेला चहा बघितला, पुन्हा एक घोट घेतला. गरम होता, एवढंच कळलं. मग हसून त्या म्हणाल्या, "तुझ्या पोटाकडे बघून मुद्दामच नाही घातली."

"बघा, डोकं आहे वन्संना," वहिनी म्हणाल्या, आणि विषय तिथंच मिटला.

त्यानंतर वन्सं रोज आपली जीभ तपासू लागल्या. कधी मीठ लांबून कळायचं, भिंतीपलीकडच्या माणसाच्या बोलण्यासारखं. कधी तेही नाही. औषधांच्या दुकानातल्या माणसाला त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, "गोळ्यांनी होतं कधीकधी, आणि आजी, वयही आहेच की." डॉक्टरांकडे जायचं त्यांनी टाळलं. डॉक्टर भावाला सांगतील, भाऊ वहिनींना.

मग त्या लपवाछपवी शिकल्या. रस्सा चमच्यावरून कसा ओघळतो ते बघायचं. वहिनींच्या चिमटीत मीठ किती आलं ते डोळ्यांनी मोजायचं. भांडी घासायला येणाऱ्या बाईला वाटीत थोडं द्यायचं. "बघ गं, कसं झालंय?" ती बिचारी वाटी चाटूनपुसून सांगायची, "झकास!" तिला सगळंच झकास लागायचं. जुन्या पदार्थांची मापं पक्की बसलेली होती, म्हणून निभावलं. शेतातली पायवाट अंधारातही पायांना सापडते, तसं चाललं होतं. पण पायवाट नवी असली तर?

एका दुपारी विद्यापीठातून फोन आला. फोन वन्संनीच घेतला आणि सवयीनं म्हणाल्या, "काकू आंघोळीला गेल्यात." पलीकडे खुद्द कुलगुरू होते. विद्यापीठानं काकूंना मानद डॉक्टरेट द्यायचं ठरवलं होतं.

घरात आनंद झाला. भावानं पँट गुडघ्यापर्यंत वर करून पाय पुढे केला. "डॉक्टरीणबाई, हे जरा दुखतंय, बघता का?"

"तपासायची फी पडेल," वहिनी म्हणाल्या. "आणि आधी बाजारातून भाजी आणावी लागेल."

"म्हणजे डॉक्टर झालीस तरी भाजी मीच आणायची?"

"आता तर पेशंटसारखी रांग लावून आणायची."

सगळे हसले. वहिनींचे डोळे मात्र ओले होते. त्या अकरावीच्या पुढं शिकल्या नव्हत्या. कार्यक्रमात कुणी प्राध्यापकबाई आली की त्या एक पायरी खाली उतरून बोलायच्या, हे वन्संनी पाहिलं होतं. पदवी त्यांना शोभेला नको होती. ती त्यांना आतून हवी होती, तहान लागल्यासारखी.

समारंभानंतर सगळ्यांचं जेवण होतं आणि गृहविज्ञान विभागाची इच्छा होती, की काकूंनी मंचावर एक पदार्थ करून दाखवावा आणि तोच सगळ्यांना वाढला जावा. वहिनींनी भाज्यांचं एक दाट सूप ठरवलं. कुठल्याही पुस्तकात नसलेलं, अगदी नवं.

"जुनंच काहीतरी करा ना," वन्सं म्हणाल्या.

"डॉक्टरेट घ्यायला जायचं आणि शिळं वाढायचं?"

"शिळं कुठं, लोकांच्या आवडीचं."

"वन्सं, तुम्ही असताना मला कसली भीती? मंचावरचं पातेलं दाखवायला. जेवणाचं मोठं भांडं आत कँटीनमध्ये शिजेल. तिथं तुम्ही उभ्या राहा, म्हणजे मला घोर नाही."

तेव्हा सांगायला हवं होतं. शब्द दातांपर्यंत आला होता. पण वहिनी आरशासमोर पदर कसा घ्यावा ते बघत होत्या, पदवीच्या झग्याखाली साडी दिसेल की नाही असं विचारत होत्या, आणि त्यांचा चेहरा शाळेत पहिली आलेल्या मुलीसारखा झाला होता. वन्संनी शब्द गिळला. खरं सांगायचं तर नुसता त्या चेहऱ्यासाठी नाही गिळला. सांगितलं की दुसऱ्या दिवशी चमचा दुसऱ्या कुणाच्या तोंडापुढं जाईल, आणि आपण परत फळीवर. हे त्यांना झोपेतही दिसायचं.

घरी त्या सुपाची तालीम झाली, छोट्या पातेल्यात. भाऊ, भांडीवाली, शेजारीण, सगळ्यांनी खाल्लं, सगळ्यांना आवडलं. वन्सं शांत झाल्या. माप ठरलं, आता नुसतं वाढवायचं.

पण मीठ हा हट्टी जिन्नस आहे. चार माणसांचं मीठ गुणाकारानं चारशे माणसांचं होत नाही. मोठ्या भांड्यात ते हातचं राखूनच घालावं लागतं आणि शेवटी जिभेनं जुळवावं लागतं. वहिनींना हे ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी तिथं वन्संना उभं केलं होतं.

विद्यापीठाच्या कँटीनचं स्वयंपाकघर लांबट आणि काळवंडलेलं होतं. भिंतीवरचा पंखा खडखडत वाफ बाहेर फेकत होता. आचारी मोठ्या हाडाचा, गळ्यात ओला पंचा, हातांवर कोपरापर्यंत केस. त्यानं मीठ राखूनच घातलं होतं. पळीभर सूप वाटीत ओतून त्यानं वन्संपुढं धरलं.

"बघा वन्संबाई. तुम्ही हो म्हणालात की झाकण."

वन्संनी फुंकर मारली, तोंडात घेतलं, छताकडे बघितलं. छताला काजळीचं जाळं लोंबत होतं. तोंडात ऊन आणि दाट असं काहीतरी होतं, आणि त्यापलीकडे काही नव्हतं.

"तुम्हीच बघा की," त्या म्हणाल्या. "तुमचा अनुभव मोठा."

आचाऱ्यानं दोन्ही कान धरले. "काकूंच्या पदार्थाला मी मीठ सांगणार? माझी काय टाप!"

"अहो, नुसतं चाखा."

"नको बाई. घरी बायको म्हणते, तुमची जीभ तंबाखूनं मेलीये. तुम्ही सांगा, मी घालतो."

त्याचे दोन मदतनीस थांबून बघत होते. काहीतरी बोलणं भाग होतं. राखून घातलंय म्हणजे कमीच असणार, असा हिशेब वन्संनी मनात केला आणि म्हणाल्या, "थोडं घाला."

घरातलं "थोडं" म्हणजे चिमूट. कँटीनमधलं "थोडं" म्हणजे त्या आचाऱ्याची मूठ. त्यानं डब्यात हात घातला आणि भरलेली मूठ भांड्यावर उघडली. पांढरं मीठ वाफेतून खाली गेलं.

"अजून?"

"पुरे, पुरे!" वन्सं जवळजवळ ओरडल्याच. पुन्हा वाटी घेतली, पुन्हा चाखलं. तेच ऊन, तेच दाट. जास्त झालं की बरोबर झालं, हे सांगणारं त्यांच्या आत कुणी नव्हतं. तेवढ्यात त्यांना बोलवायला माणूस आला. सभागृहात पहिल्या रांगेत त्यांची जागा होती. भांडं मंद आचेवर राहिलं.

वहिनींनी मंचावर छोट्या पातेल्यात तेच सूप करून दाखवलं, मग कुलगुरूंचं भाषण लांबलं. त्यांच्यामागून विभागप्रमुखबाई मानपत्र वाचायला उभ्या राहिल्या. त्यांनी "चवीचा अचूक तोल" हे शब्द तीन ठिकाणी वाचले, आणि दर वेळी वन्संना कँटीनमधलं ते भांडं दिसलं. आच चालू असेल. पाणी उडत असेल. पाणी उडतं, मीठ उडत नाही.

वहिनींच्या खांद्यावर झगा आला. झगा त्यांना मोठा होता, बाह्यांतून बोटांची टोकं तेवढी दिसत होती. त्या माईकपाशी आल्या. आभार मानले, शाळेबद्दल बोलल्या, मग कागद घडी करून बाजूला ठेवला.

"एक गोष्ट मी आजवर सांगितली नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या पुस्तकांतली चव माझी एकटीची नाही. कितीतरी वर्षं प्रत्येक पदार्थ आधी माझ्या नणंदेच्या जिभेवरून गेलाय. त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी एक ओळ लिहिली नाही. आज तुम्ही जे जेवणार आहात तेही त्यांनीच चाखलंय. ही पदवी अर्धी त्यांची आहे. वन्सं, उभ्या राहा ना."

सगळं सभागृह वळलं. टाळ्या सुरू झाल्या, गारांसारख्या. हा मान त्यांनी कधी मागितला नव्हता, आणि आयुष्यात एखादा मान हवासा वाटला असेल तर तो हाच. त्या उठल्या. टाळ्या थांबेनात. दारातून कँटीनचे मदतनीस वाट्यांचे ट्रे घेऊन येताना दिसले.

"थांबा," वन्सं म्हणाल्या. कुणाला ऐकू गेलं नाही. कुणीतरी त्यांच्या हातात माईक दिला. "थांबा. वाढू नका अजून. माझी जीभ गेलीये. मला आता काही कळत नाही. आधी दुसऱ्या कुणीतरी चाखून बघा."

मग कुलगुरू खदखदून हसले, आणि त्यांच्यामागं सगळं सभागृह हसलं.

"वा!" विभागप्रमुखबाई म्हणाल्या. "काय विनोदबुद्धी! आणि केवढा विनय!"

"नाही हो, खरंच..."

पण टाळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या, पहिल्यापेक्षा मोठ्या. वन्संनी मंचाकडे पाहिलं. सगळ्या सभागृहात एकच माणूस हसत नव्हतं. वहिनींच्या ओठांवर मघाचं हसू तसंच राहिलं होतं, पण डोळ्यांतून ते निघून गेलं होतं. त्यांच्यासमोर माईक होता. त्यांनी तोंड उघडलं. झग्याच्या बाहीत बोटं हलली. मग त्यांनी तोंड मिटलं, आणि लोक जेवायला उठले.

कुलगुरूंनी पहिला चमचा घेतला. भुवया वर गेल्या, तिथंच थांबल्या. शेजारच्या प्राध्यापकांनी त्यांच्याकडे बघितलं, कुलगुरू म्हणाले, "वेगळंच आहे," आणि पाण्याचा पेला उचलला. प्राध्यापक म्हणाले, "ठसठशीत चव." विभागप्रमुखबाई मुलींना समजावू लागल्या, की घरगुती जेवणाला असा धीटपणा हवा. मुली माना हलवत पावाचे मोठे मोठे तुकडे तोंडात कोंबत होत्या. एकानंही वाटी परत केली नाही. पाणी देणारा माणूस दोनदा पिंप भरून आला आणि तिसऱ्यांदा वैतागून म्हणाला, "आज काय लग्नाचं वऱ्हाड आलंय का?"

वहिनी वाटी हातात धरून सगळ्यांचे घसे बघत होत्या. चव गेल्यापासून त्या खाणाऱ्यांकडे फार बारकाईनं बघत. त्यांना वेगळं काही विचारायची गरज नव्हती.

परतताना भाऊ गाडीत पुढं बसला, पेंगू लागला. दोघी मागं. मधल्या सीटवर झग्याची पिशवी.

"कधीपासून?" वहिनींनी विचारलं.

"बरेच दिवस."

"दिवस?"

"वर्ष होऊन गेलं."

रस्त्यावरचे दिवे एकेक करून वहिनींच्या चेहऱ्यावरून जात होते. त्या म्हणाल्या, "खारट झालं त्याचं नाही मला. उद्या विसरतील. पण माझी गेली तेव्हा घरात मी सगळ्यात आधी तुम्हाला सांगितलं. ह्यांच्याही आधी. तुमच्या मांडीवर रडले मी. आणि तुमची गेली ती मला चारशे लोकांबरोबर कळली."

"तुमची गेली तरी तुम्ही काकूच राहिलात, वहिनी," वन्सं म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "माझी गेल्यावर मी कोण?"

वहिनींनी मधली पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"आणि मी सांगितलं ना, शेवटी का होईना," वन्सं म्हणाल्या. "माईक तुमच्यासमोरही होता."

"होता," वहिनी म्हणाल्या.

सकाळी वहिनींनी विभागप्रमुखबाईंना फोन लावला. वन्सं भाजी निवडत ऐकत होत्या. "नाही, नाही, त्या गंमत करत नव्हत्या... अहो, आणि मलाही, कितीतरी वर्षं... बाई, ऐका तरी..." मग बराच वेळ पलीकडचं हसणं ऐकून घेऊन त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, डॉक्टर झालात तरी तुमचा साधेपणा गेला नाही. दोघींच्या विनयावर वार्षिक अंकात लेख लिहिणारेत."

वन्संना हसू आलं आणि लगेच त्याची लाज वाटली. वहिनी हसल्या नाहीत. पुढचे आठ दिवस त्या वन्संशी कामापुरतंच बोलल्या. मटार द्या, झाकण द्या, फोन घ्या. घरात पाऊल वाजलं तरी जड वाटायचं.

स्टुडिओचा दिवस जवळ आला, तेव्हा वहिनींनी नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावलं. वन्सं बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसल्या होत्या, आणि आतलं सगळं ऐकू येत होतं.

"कसं आहे?"

"बरं आहे."

"बरं म्हणजे? मीठ कमी की जास्त?"

"बरं म्हणजे बरं. इतकी वर्षं खातोच आहे ना मी?"

"अहो, आंबट आधी लागतंय की तिखट?"

"एकदमच लागतं सगळं. पोटात काय वेगवेगळं जातं का?"

चमचा ओट्यावर आपटल्याचा आवाज आला. मग वहिनींची हाक, पूर्वीसारखी नाही, पण हाक.

"वन्सं, जरा या इकडे. ह्यांच्याकडून काही म्हणजे काही निघत नाहीये."

वन्संनी हातातला मटार सोलून संपवला. आत जाऊन भावाला दटावून विचारावं लागणार होतं, आणि तो जे सांगेल त्यातलं किती खरं धरायचं हे वहिनींना सांगावं लागणार होतं. चमचा आता त्याच्यापुढं धरला जाणार होता, आपण बाजूला उभ्या. त्यांनी थोडा वेळ घेतला. दुसऱ्यांदा हाक यावी असं त्यांना वाटत होतं. ती आली नाही. तेव्हा त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या.